उलटे लटकून घेतलेली विश्रांती

वाचकहो, गुडघे, रक्तदाब, मधुमेह आणि झोप यांच्याभोवती फिरणाऱ्या या सदरात आज नॉर्वे देशातील एका गुहेविषयी वाचावयास मिळाले, तर पान चुकले असे समजू नये. विषय आपलाच आहे. तेथपर्यंत जाणारी वाट मात्र थोडी वळणाची आहे.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी एका निवृत्त शिक्षकांच्या घरी तपासणीसाठी गेलो होतो. (त्यांच्या व कुटुंबीयांच्या अनुमतीने हे लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.) वय ७८. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, मीही म्हणतो. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि वॉकर धरून पूर्ण भार देऊन चालण्यास शल्यचिकित्सकांनी सांगितले, त्यालाही सहा आठवडे उलटले होते. वॉकर खोलीच्या कोपऱ्यात उभा होता. त्यावर दोन पंचे वाळत घातलेले होते.

वॉकरवर कपडे वाळू लागले की वैद्याने समजावे, प्रकृती हाडामुळे अडलेली नाही. खुब्याच्या अस्थिभंगानंतर वृद्धांना खरा धोका असतो तो अंथरुणाचा. पडून राहिलेल्या शरीरातील स्नायू झपाट्याने झिजतात, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते, फुप्फुसांत कफ साचून न्यूमोनिया होतो, टाचा आणि माकडहाड येथील त्वचेवर जखमा होतात. मी हे सारे गुरुजींना यापूर्वी तीनदा सांगितले होते. त्यांनी तीन्ही वेळा शांतपणे ऐकून घेतले होते आणि उठले नव्हते.

त्या दिवशी त्यांचा नातू पुण्याहून आलेला होता. हा मुलगा दर शनिवार-रविवार कडे चढतो. कृत्रिम भिंतीवर सराव करतो आणि हिवाळ्यात मित्रांबरोबर बदामीला जातो. तेथील तांबड्या वालुकाश्माच्या कड्यांवर या खेळाचे अनेक मार्ग आहेत. मी रक्तदाब मोजत असताना तो आजोबांना आपल्या भ्रमणध्वनीवर एक चित्रफीत दाखवीत होता. यंत्राचा पट्टा सुटला तरी मी तेथेच वाकून पाहत राहिलो.

नॉर्वेच्या किनाऱ्यावर फ्लाटांगर नावाचा भाग आहे. तेथे हान्सहेलेरेन नावाची एक प्रचंड गुहा आहे; गुहा म्हणण्यापेक्षा डोंगराने आ वासला आहे असे म्हणावे. तिच्या छतावरून जाणारा सुमारे ४५ मीटरचा एक मार्ग चेक प्रजासत्ताकाच्या आदाम ओंद्रा या चोवीस वर्षांच्या तरुणाने ३ सप्टेंबर २०१७ रोजी प्रथम पूर्ण केला. या खेळात मार्गांच्या काठिण्याची एक श्रेणी असते. तीत ‘९ सी’ हा अंक त्या दिवसापर्यंत कोणत्याही मार्गाला दिला गेला नव्हता. त्या मार्गाचे नाव ‘सायलेन्स’, म्हणजे शांतता. वर पोहोचल्यावर ओंद्राला ओरडताही आले नाही. तो दोराला लटकून डोळ्यांतले पाणी आवरीत राहिला, म्हणून हे नाव.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खडकात ठरावीक अंतरावर पोलादी बोल्ट आधीच ठोकलेले असतात. चढणारा कमरेच्या पट्ट्याला दोर बांधून निघतो आणि वाटेत तो दोर एकेका बोल्टमध्ये अडकवीत जातो. दोराचे दुसरे टोक खाली उभ्या असलेल्या साथीदाराकडे असते. त्याच्या कामाला आपले गिर्यारोहक ‘बिले देणे’ म्हणतात. हात निसटला तर चढणारा पडतो, पण दोर त्याला झेलतो. दोर हा वर चढण्यासाठी नाही, केवळ पडल्यावर सांभाळण्यासाठी. चढायचे ते स्वतःच्या हातापायांनी. पडलात की पुन्हा खालून प्रारंभ. ओंद्राने या एका मार्गासाठी त्या गुहेच्या अनेक फेऱ्या केल्या आणि शेकड्याने नव्हे तरी डझनांनी वेळा तो तेथून पडला असेल. नातवाने ही गोष्ट सांगितली तेव्हा गुरुजी प्रथमच हसले. “मी एकदाच पडलो,” ते म्हणाले.

आता, माझे लक्ष जेथे खिळले ते. त्या मार्गाच्या सर्वांत अवघड भागात ओंद्राला पाय पुढे आणि डोके खाली अशा अवस्थेत छतावरून सरकावे लागते. आणि वाटेत अशाच उलट्या अवस्थेत तो विश्रांती घेतो! गुडघा आणि मांडी खडकाच्या एका बाजूला, पाऊल दुसऱ्या बाजूला, अशी पायाची पाचर मारून तो हात सोडून देतो आणि श्वास स्थिर करतो. ही पाचर टिकते ती पोटरीच्या बळावर. पोटरीने पाऊल दाबून धरले नाही तर पाचर सुटते. जगातील सर्वांत कठीण मार्गांपैकी एकासाठी या माणसाने बोटांबरोबर पोटऱ्याही खास बळकट करून घेतल्या, अधिक चढता यावे यासाठी नव्हे, अधिक चांगली विश्रांती घेता यावी यासाठी.

आपल्यापैकी किती जण विश्रांती अशी ठरवून घेतात? बहुतेक वृद्ध दमेपर्यंत चालतात, मग जेथे दमतात तेथेच, अंगणाच्या मधोमध किंवा जिन्याच्या सहाव्या पायरीवर, डगमगत उभे राहतात. पडणे बहुधा तेथे होते. दमण्यापूर्वी थांबायचे आणि थांबण्याची जागा आधी हेरून ठेवायची, ही गोष्ट मी तीस वर्षे सांगत आलो असेन, पण ती इतकी स्पष्ट दाखवता आली नव्हती.

पोटरीविषयी दोन शब्द अधिक. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात आणि पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांची पावले संध्याकाळी सुजतात त्याचे एक कारण हा पंप बंद असणे हे आहे (अर्थात हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि काही औषधे यांमुळेही सूज येते, तेव्हा नवी सूज वैद्यांना दाखवावीच). अंथरुणावर असलेल्यांनी जागेपणी दर तासाला दहा-पंधरा वेळा पाऊल पुढे-मागे करावे. उभे राहता येत असेल त्यांनी स्वयंपाकाच्या ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून टाचा सावकाश उचलाव्यात, क्षणभर थांबावे आणि उचलल्या त्याहून सावकाश टेकवाव्यात. आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. मागे भक्कम खुर्ची असावी. श्वास रोखू नये. चक्कर, छातीत दाटणे किंवा धाप वाटल्यास थांबून बसावे. निजलेल्या स्थितीतून एकदम उभे न राहता मिनिटभर खाटेच्या काठावर पाय सोडून बसावे, कारण वृद्धापकाळी उठताना रक्तदाब उतरतो. एक मात्र लक्षात ठेवा: एकाच पोटरीला अचानक सूज, दुखरेपणा, लाली किंवा उष्णता आली तर ती चोळू नये, व्यायामही करू नये, गुठळीची शंका घेऊन त्याच दिवशी वैद्यांना गाठावे. जोडीला धाप लागली असेल तर थेट रुग्णालयात न्यावे.

हाताच्या पकडीविषयीही वाचक विचारतात. सतरा देशांतील सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांचा एक अभ्यास २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला; भारतही त्या देशांत होता. पकड पाच किलोने कमी असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण सोळा टक्क्यांनी अधिक आढळले. यावरून चेंडू दाबल्याने आयुष्य वाढते असे कोणी समजू नये. पकड हा आरसा आहे. साऱ्या शरीरातील स्नायूंची स्थिती त्यात दिसते.

त्या चित्रफितीत आणखी एक दृश्य होते. ओंद्रा जमिनीवर पाठ टेकून, डोळे मिटून पडला आहे आणि हवेत हातपाय हलवीत मनातल्या मनात तो मार्ग चढतो आहे. त्याचा भौतिकोपचारतज्ज्ञ त्याच्या पायांना आधार देतो आहे. हे पाहून गुरुजी म्हणाले, “हा तर माझ्यासारखा पडून आहे.” पक्षाघातानंतर प्रत्यक्ष व्यायामाच्या जोडीला अशी मनातील उजळणी करून घेण्याची पद्धत आमच्या शास्त्रात आहे. ती व्यायामाऐवजी चालत नाही. पण ज्याला उठण्याचीच धास्ती वाटते त्याला ती आरंभासाठी उपयोगी पडते. नातवाने लगेच आजोबांना खाट ते न्हाणीघर ही वाट डोळे मिटून सांगावयास लावली. किती पावले, कोठे वळण, हात कशाला धरणार. गुरुजी उंबऱ्यापाशी आले आणि थांबले. तेथेच ते पडले होते.

काही वेळ कोणी बोलले नाही. मग गुरुजींनी विषय बदलला, किंवा मला तसे वाटले. शिक्षकाची सवय, ते नातवाला म्हणाले, “ती गुहा कोणाच्या मालकीची आहे रे? तुम्ही लोक कोणाच्याही डोंगराला खिळे ठोकता, त्याला विचारता का?”

नातवाने मान्य केले की हा प्रश्न या खेळात सर्वांत नाजूक आहे. नॉर्वेत १९५७ चा एक कायदा आहे. मोकळ्या रानात, मग ते खाजगी मालकीचे का असेना, कोणालाही पायी हिंडण्याचा अधिकार आहे. तेथील लोक त्याला आल्लेमन्सरेत्तेन, म्हणजे सर्वांचा हक्क म्हणतात. मात्र नांगरटीची शेते आणि घराभोवतीचे आवार यांना तो लागू नाही. शेतातून चालता येते ते हिवाळ्यात, जमीन गोठलेली वा बर्फाखाली असताना. राहत्या घरापासून दीडशे मीटरच्या आत तंबू ठोकावयाचा नाही. आणि जेथे हक्क आहे तेथेही मालकाला व इतरांना उपद्रव होणार नाही असे वागावयाचे, हे त्याच कायद्यात लिहिले आहे. हान्सहेलेरेनकडे जाणारे गिर्यारोहक जवळच्या शेतघराच्या जागेत वाहने लावतात आणि तेथून पायी वर जातात. म्हणजे जगातील सर्वांत कठीण चढायांपैकी एकीचा आरंभ एका शेतकऱ्याच्या अंगणातून होतो. त्याचे मन विटले की जगज्जेत्यालाही वाट उरणार नाही.

“आणि आपल्याकडे?” गुरुजींनी विचारले.

आपल्याकडे, नातू म्हणाला, गावात प्रथम सांगतो. कड्याच्या पोटात देवस्थान असेल तर तो भाग सोडतो. बदामीला प्राचीन लेण्यांच्या व संरक्षित वास्तूंच्या अंगाला हात लावत नाही. सह्याद्रीत आग्यामोहोळ असलेल्या कड्याकडे फिरकत नाही. (येथे मीही भर घालतो. किल्ल्यांवर जाणाऱ्या ज्येष्ठांनो, पोळी दिसली तर धूर, तीव्र अत्तर आणि आरडाओरडा टाळा. अनेक दंश झाल्यास डंख मोजत बसू नये, रुग्णालय गाठावे. हृदयरोगासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल तर ते तेथील डॉक्टरांना आवर्जून सांगावे.) आणि गिधाडांची घरटी असलेला कडा त्यांच्या विणीच्या हंगामात, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, मोकळा सोडतो.

गिधाडांचे नाव निघाल्यावर मला राहवले नाही. लांब चोचीचे भारतीय गिधाड कड्यांच्या कपारीत घरटे करते आणि आज ते अतिसंकटग्रस्त आहे. त्याला संपवले ते गिर्यारोहकांनी नव्हे, एका वेदनाशामकाने. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचे मृत शरीर खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये भारत सरकारने पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी आणली. तेच औषध आपण गुडघेदुखीसाठी घेतो. माणसाचे शरीर ते गिधाडापेक्षा कितीतरी अधिक सहन करते, हे खरे. तरीही साठीपुढे, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना, किंवा जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले असताना अशी वेदनाशामके आपल्याही मूत्रपिंडांना दुखावू शकतात. गुरुजींच्या उशाशी त्या गोळ्यांची एक पट्टी मला सापडली. शेजारच्या कोणी सदिच्छेने आणून दिलेली होती. मी ती खिशात घातली.

“ती पट्टी माझी होती, डॉक्टर,” गुरुजी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “हा पोरगा डोंगराला विचारून हात लावतो. माझ्या अंगाला हात लावताना या घरात कोणी विचारत नाही. तुम्हीही नाही.”

वाचकहो, हे वाक्य मला का लागले ते सांगितले पाहिजे. अर्ध्या तासापूर्वी, घरात शिरताच, अंथरुणाने जखम झाली आहे का हे पाहण्यासाठी मी त्यांना कुशीवर वळवले होते आणि धोतर खाली सरकवून माकडहाडाची त्वचा तपासली होती. खोलीत सूनबाई होत्या, नातू होता, दार उघडे होते. जखम नव्हती, मी समाधानाने “छान” असे म्हणून धोतर वर ओढले होते. या गृहस्थांनी चाळीस वर्षे वर्गात उभे राहून पोरांना शिस्त लावली. मी काहीही न विचारता त्यांना सर्वांसमोर उघडे केले होते, आणि यात काही वावगे घडले हे माझ्या ध्यानीही आले नव्हते. वैद्यकीय शिक्षणात आम्हाला हे शिकवले जात नाही असे म्हणण्याची सोय नाही. शिकवले जाते. घाईत आम्ही ते विसरतो.

मी पट्टी परत त्यांच्या हातात दिली, त्या गोळ्या का नकोत ते समजावले, आणि त्यांनी ती मला स्वतः दिली.

त्या दिवसापासून मी जे करतो तेच आपणही घरी करावे अशी विनंती आहे. आडव्या पडलेल्या माणसाला स्पर्श करण्यापूर्वी समोर यावे, नाव घ्यावे वा नात्याने हाक मारावी, काय करणार ते एका वाक्यात सांगावे आणि थांबावे. मनात दहापर्यंत मोजावे. वृद्धांना ऐकून, समजून, उत्तर जुळवण्यास वेळ लागतो. आपण तो देत नाही आणि मग म्हणतो, ते सहकार्य करीत नाहीत. स्मृतिभ्रंश झालेल्यांनाही विचारावे. त्यांना शब्द कळला नाही तरी स्वर कळतो, आणि अंगावर एकदम आलेला हात त्यांना हल्ल्यासारखा वाटतो. दार ओढून घ्यावे. अंग पुसताना जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा ठेवावा. सासऱ्यांना आंघोळ घालणे सुनेला आणि सासऱ्यांना दोघांनाही अवघड जात असेल, तर ते मोकळेपणाने बोलून मुलाने वा मदतनीसाने ते काम घ्यावे. लाजेने गप्प राहण्यात दोघेही कष्टी होतात. “नको” असे उत्तर आले तर जिवाला तातडीचा धोका नसताना अर्ध्या तासाने पुन्हा विचारावे.

चालवताना दंडाला धरून खेचू नये. खांदा निखळण्याची भीती असते. वॉकर धरलेल्याच्या दुबळ्या बाजूस, किंचित मागे उभे राहावे आणि कमरेला रुंद पट्टा असल्यास तो सैल हाती धरावा. नातवाने येथे फार उपयुक्त गोष्ट सांगितली. बिले देणाऱ्याने दोर फार ताठ ठेवला तर चढणाऱ्याला हात पुढे टाकता येत नाही. फार सैल सोडला तर तो जमिनीवर आपटतो. माझ्या पाहण्यातील बहुतेक घरांत, प्रेमापोटी, दोर ताठ असतो. पाणी हाती दिले जाते, चप्पल पायात घातली जाते, आणि सहा महिन्यांनी आपण विचारतो, यांना काहीच कसे येत नाही?

आणि बिले देणाऱ्याचे काय? तासन्‌तास वर पाहून त्यांची मान दुखते, इतकी की ती मागे न वाकवता वरचे दिसावे म्हणून लोलक बसवलेले खास चष्मे मिळतात. मी सूनबाईंना विचारले, “वहिनी, तुमची कंबर कशी आहे?” त्यांनी हातातील पंचा खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड फिरवले. सहा आठवडे त्या एकट्याच गुरुजींना उचलून खुर्चीत बसवीत होत्या. मी तीनदा येऊन गेलो होतो आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. खाटेची उंची विटांनी वाढवणे, उचलण्याऐवजी सरकवणे, आठवड्यातील दोन दुपारी मुलाने घरी थांबणे, असे काही ठरले. सर्व पाळले गेले असे नाही. मुलाच्या दोन दुपारींची एक झाली आहे.

त्या संध्याकाळी नातवाने खाटेपासून न्हाणीघरापर्यंत भिंतीवर रंगीत चिकटपट्टीचे चार तुकडे लावले आणि त्यांना बोल्ट असे नाव दिले. प्रत्येकापाशी थांबायचे, भिंतीवरच्या दांडीला हात लावायचा, तीन श्वास घ्यायचे, मग पुढे. वॉकरवरचे पंचे दोरीवर गेले. पहिल्या आठवड्यात गुरुजी दुसऱ्या बोल्टपर्यंत गेले. काही दिवस अजूनही ते नाही म्हणतात, आणि तो दिवस तसाच जातो.

गेल्या सोमवारी मी गेलो तेव्हा दार लोटलेले होते. मी बाहेरून हाक मारली आणि थांबलो. “या,” असा आवाज न्हाणीघराकडून आला. गुरुजी उंबऱ्याशी, वॉकर धरून उभे होते. भिंतीवर आता पाच पट्ट्या आहेत. पाचवी, अगदी उंबऱ्याला लागून, त्यांनी सुनेकडून मागून घेतली आहे.